डहाणूची चिमणी आणि न दिसणारा धूर

मागच्या महिन्यात ऑफिसातल्या एका मित्राच्या घरी तलासरीला जायचा योग आला. सकाळची डहाणू लोकल पकडली, विरारनंतर बसायला जागा मिळाली (हे वाक्य मुंबईकरांनाच कळेल!), आणि डहाणू रोडला उतरून आधी थोडं फिरून घेऊ असं ठरवलं. चिकूच्या वाड्या, खाडी, समुद्र, आणि कुठेही उभे राहा, डोळ्यांत खुपणारी ती पावणेतीनशे मीटर उंच चिमणी. डहाणू थर्मल पॉवर स्टेशन. २५० मेगावॉटचे दोन संच, एकूण ५०० मेगावॉट.

एका वाडीबाहेर चिकू विकत बसलेल्या काकांना मी सहज विचारलं, "काका, धूर त्रास देतो का हो?" ते म्हणाले, "आता कुठला धूर? तो आमच्या लोकांनी कधीच बंद करवला." मग जरा थांबून, "पण पावसाचं काही खरं नाही राहिलं."

दोन वाक्यं. पण घरी आल्यावर दोन वीकेंड मी ह्याच दोन वाक्यांच्या मागे लागलो होतो. म्हणून हा लेख. थोडा लांब आहे, चहा घेऊन बसा.

तर गोष्ट सुरू होते १९८८-८९ मध्ये. मुंबईच्या उपनगरांना वीज पुरवणाऱ्या बीएसईएसला स्वतःचं वीजकेंद्र हवं होतं. (आमचे बाबा अजूनही वीजबिलाला "बीएसईएसचं बिल" म्हणतात. मध्ये रिलायन्स येऊन गेली, २०१८ पासून अदानी आहे, पण बाबांच्या डोक्यातला डेटाबेस काही अपडेट होत नाही.) जागा ठरली डहाणू. मार्च १९८९ मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने परवानगी दिली, अर्थात अटींसह. त्यातली एक महत्त्वाची अट म्हणजे एफजीडी, अर्थात फ्ल्यू गॅस डीसल्फरायझेशन. सोप्या भाषेत, धुरातला सल्फर डायऑक्साइड धुऊन काढायचा प्लांट. ही अट लक्षात ठेवा, पुढची १८ वर्षं ह्या एका अटीभोवती फिरणार आहेत.

डहाणूचे लोक कोर्टात गेले. ह्यात इराणी बागायतदार होते, ज्यांच्या आज्या-पणज्यांनी इथे चिकू रुजवला. नर्गिस इराणी, कितायून रुस्तम ही नावं ह्या लढ्यात पुन्हा पुन्हा भेटतात. हायकोर्टात हरले. मग सुप्रीम कोर्टात, तिथेही मार्च १९९१ मध्ये हरले. प्रकल्प कुठे व्हावा हे ठरवणं सरकारचं काम, असं कोर्टाचं म्हणणं पडलं. पण निकालात कोर्टाने एक गोष्ट लिहून ठेवली: परिणामांचा पूर्ण विचार केल्याशिवाय एफजीडीची अट शिथिल करू नये. हरलेल्या केसमधलं हे एक वाक्य पुढे किती कामाला आलं ते बघा.

त्याच वर्षी, २० जून १९९१ ला, केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र म्हणून जाहीर केला. भोवती २५ किलोमीटरचा पट्टा, आणि तालुक्यात उद्योगांसाठी जास्तीत जास्त ५०० एकर. तरी वीजकेंद्र उभं राहिलंच, १९९५ मध्ये सुरूही झालं. मधल्या काळात 'सँक्च्युअरी' मासिकाचे संपादक बिट्टू सहगल सुप्रीम कोर्टात गेले होते. ३१ ऑक्टोबर १९९६ ला निकाल आला आणि त्यातून डिसेंबरमध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण जन्माला आलं. अध्यक्ष न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी, दादा धर्माधिकारींचे चिरंजीव. हा माणूस भलताच चिवट निघाला. १९९८ मध्ये त्यांच्या प्राधिकरणाने वाढवणचं बंदर नाकारलं. (ते बंदर पुन्हा उगवलं. जुलै २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने परवानगी दिली, ऑगस्ट २०२४ मध्ये भूमिपूजनही झालं. धर्माधिकारी जानेवारी २०१९ मध्येच गेले होते. पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे, आत्ता शिरलो तर बाहेर येणार नाही.)

मे १९९९ मध्ये प्राधिकरणाने कंपनीला सांगितलं, सहा महिन्यांत एफजीडी बसवा. कंपनीचं म्हणणं, आमच्या कोळशात सल्फर कमी आहे, गरजच काय? मग पुन्हा कोर्ट, मुदती, तारखा. कंपनीची मालकी बदलली. शेवटी प्राधिकरणाने ३०० कोटींच्या बँक गॅरंटीची भाषा केली तेव्हा गाडी हलली, आणि ऑक्टोबर २००७ मध्ये एफजीडी सुरू झाला. सहा महिन्यांचं काम, आठ वर्षं लागली. आमच्या प्रोजेक्टची डेडलाइन आठवून मला जरा बरं वाटलं, ते सोडा.

पण इंजिनियर म्हणून मला छळणारा प्रश्न वेगळा होता. ह्या सगळ्या १८ वर्षांत भांडण चाललं होतं ते सल्फरवर, राखेवर, खाडीत सोडल्या जाणाऱ्या गरम पाण्यावर. त्याच चिमणीतून आणखी एक वायू बाहेर पडत होता, आणि तो किती होता?

पाठीमागच्या पानावर हिशोब करून बघू. ५०० मेगावॉट दिवसभर पूर्ण चालवलं की १ कोटी २० लाख युनिट. युनिटमागे साधारण ६५० ग्रॅम कोळसा धरला तर दिवसाला सुमारे ७,८०० टन. त्यात ०.४ टक्के सल्फर धरू, म्हणजे ३१ टन. सल्फर जळून सल्फर डायऑक्साइड झाला की वजन दुप्पट होतं, म्हणजे ६२ टन. आता कार्बन. युनिटमागे सुमारे ९०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड धरला तर दिवसाला जवळजवळ ११,००० टन! एका बाजूला ६२, दुसऱ्या बाजूला ११,०००. (आकडे माझ्या गृहीतकांचे आहेत, प्लांटच्या रजिस्टरमधले नाहीत. पण एखादं शून्य इकडचं तिकडे होईल इतकी चूक नसावी.)

म्हणजे डहाणूच्या लोकांना कळत नव्हतं का? मुळीच नाही. उलट त्यांना जे कळायला हवं होतं ते फार नेमकं कळलं होतं. सल्फर डायऑक्साइडला वास आहे, तो घशाला लागतो, पानाच्या सूक्ष्म छिद्रांतून आत शिरून पान जाळतो, पावसात विरघळून आम्ल होतो. कारण चिमणीत, परिणाम वाडीत. बोट दाखवता येतं, कोर्टात फोटो लावता येतो. कार्बन डायऑक्साइडला वास नाही, रंग नाही, आणि तोच तर झाडाचं अन्न! बरं, तो डहाणूत राहतही नाही. वर्षा-दोन वर्षांत अख्ख्या पृथ्वीच्या हवेत मिसळून जातो. डहाणूच्या चिमणीचा कार्बन डहाणूच्याच पावसावर परिणाम करतो असं कुठलाही शास्त्रज्ञ म्हणणार नाही. त्याचा परिणाम जगातल्या हजारो चिमण्यांच्या बेरजेतून येतो. बेरजेवर केस कशी करणार?

आणि विज्ञान नवीन होतं म्हणावं तर तेही नाही. टिंडॉलने १८५९ मध्ये प्रयोगशाळेत दाखवलं होतं की हा वायू उष्णता अडवतो. १८९६ मध्ये अऱ्हेनियसने कागद-पेन्सिलीने हिशोब मांडला की हवेतला कार्बन दुप्पट झाला तर तापमान किती वाढेल. म्हणजे घोलवडला पहिला चिकू १८९८ च्या सुमारास लागला असं सांगतात, त्याच्या दोन वर्षं आधी! १९५८ पासून कीलिंग हवाईमधल्या मौना लोआ डोंगरावर रोज मोजमाप घ्यायला लागला. जून १९८८ मध्ये नासाचे जेम्स हॅन्सन अमेरिकन सिनेटपुढे सांगून आले की तापमानवाढ सुरू झाली आहे. त्याच वर्षी आयपीसीसी स्थापन झाली. आणि पुढच्या मार्चमध्ये डहाणूची फाईल पास झाली.

तारखांचा योगायोग आणखी आहे. १५ जून १९९१ ला फिलिपिन्समध्ये पिनाटुबो ज्वालामुखीचा महास्फोट झाला, म्हणजे डहाणूच्या अधिसूचनेच्या बरोबर पाच दिवस आधी. त्याने दीड-दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड वातावरणाच्या वरच्या थरात फेकला, आणि पुढच्या वर्षी पृथ्वीचं सरासरी तापमान अर्ध्या अंशाच्या आसपास खाली आलं. कारण सल्फरचे बारीक कण सूर्यप्रकाश परत उडवतात. हॅन्सनच्या गटाने ही घसरण आधीच वर्तवली होती. मॉडेल बरोबर चालतं ह्याचा इतका मोठा टेस्ट केस कुणालाही फुकट मिळाला नसेल.

ह्यातून एक विचित्र गोष्ट निघते. तोच सल्फर, ज्याच्याविरुद्ध डहाणू लढली, तो पृथ्वीला किंचित गारही ठेवतो. आणि एफजीडी? डहाणूचा एफजीडी समुद्राच्या पाण्यावर चालतो. खाऱ्या पाण्यातला बायकार्बोनेट आम्लाला मारतो आणि त्यात कार्बन डायऑक्साइड सुटतो. सल्फर डायऑक्साइडच्या एका रेणूमागे कार्बन डायऑक्साइडचे दोन! मी दचकलो, मग हिशोब केला. ६२ टनांमागे फार तर ८५ टन. ११,००० च्या पुढे एक टक्कासुद्धा नाही.

हा मुद्दा नुसता गंमत म्हणून सांगत नाहीये. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राने देशभरातल्या कोळशाच्या वीजकेंद्रांना सल्फरची मर्यादा घालून दिली आणि दोन वर्षांची मुदत दिली. मुदत वाढत वाढत गेली. आणि जुलै २०२५ मध्ये बहुसंख्य केंद्रांना एफजीडीतून सूटच मिळाली. कारणं काय दिली गेली? आपल्या कोळशात सल्फर कमी (हे आपण १९९९ मध्ये ऐकलंय), खर्च फार. शिवाय एफजीडीने कार्बन वाढतो आणि सल्फरचे कण हवा गार ठेवतात, हाही मुद्दा चर्चेत आला. म्हणजे क्लायमेट सायन्सचा आधार घेऊन सल्फर सोडायला मोकळीक!

मला हे पटत नाही, आणि का ते सांगतो. सल्फरचे कण हवेत काही दिवस टिकतात, पावसात धुऊन जातात. कार्बन डायऑक्साइडचा मोठा हिस्सा शेकडो वर्षं राहतो. गारवा टिकवायचा तर दररोज तेवढाच सल्फर सोडत राहावं लागेल, आणि खालच्या माणसांनी तो दररोज श्वासात घ्यावा लागेल. आणि कार्बन मात्र साठतच राहणार. क्रेडिट कार्डाचं मिनिमम ड्यू भरल्यासारखं आहे ते.

आता काकांचं दुसरं वाक्य. पावसाचं काही खरं नाही. इथे मात्र जपून. एका वर्षाच्या पावसावरून हवामान बदललं असं म्हणता येत नाही, ते कळायला तीस-तीस वर्षांची नोंद लागते. पण नोंदी आहेत. पुण्याच्या आयआयटीएमचे रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं की मध्य भारताच्या पट्ट्यात १९५० ते २०१५ दरम्यान मोठ्या क्षेत्रावर पसरलेल्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. २०२१ च्या दुसऱ्या एका अभ्यासात अरबी समुद्रातली चक्रीवादळं १९८२ ते २००० च्या तुलनेत २००१ ते २०१९ मध्ये ५२ टक्क्यांनी वाढलेली दिसली, अति तीव्र वादळं तर १५० टक्क्यांनी. त्याच वर्षी मे महिन्यात 'तौक्ते' ह्या किनाऱ्यावरून पुढे गुजरातला गेलं. काकांनी तेव्हा पडलेल्या फांद्यांची गोष्ट वीस मिनिटं सांगितली. धुराबद्दल एक वाक्य, वादळाबद्दल वीस मिनिटं.

संध्याकाळी तलासरीला मित्राच्या घरी पोचलो. तिथे नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाचे छोटे छोटे धक्के बसताहेत, धुंदलवाडी भागात तर लोक थंडीत तंबूत झोपले होते. मित्राच्या आजीने मला विचारलं, "हां भी तुमच्या त्या हवामानानंच का रं?" मी म्हटलं, नाही आजी, ते जमिनीखालचं प्रकरण वेगळं. मग आठवलं की पावसाचं पाणी खडकाच्या भेगांत झिरपून दाब वाढतो अशी शक्यता भूशास्त्रज्ञांनीच मांडली आहे. म्हणजे पावसाचा संबंध असू शकतो, हवामान बदलाचा आहे असं नाही. हे आजींना समजावताना माझी जी दमछाक झाली! "संबंध आहे पण कारण नाही" हे आम्ही ऑफिसात डेटा बघताना रोज म्हणतो. आजी ऐकून म्हणाल्या, "म्हंजे तुला बी नक्की माहीत नाय." सगळे हसले. मीही.

१९८९ मध्ये मौना लोआवरचा आकडा ३५३ होता, दहा लाख भागांत इतके भाग. एफजीडी सुरू झाला त्या वर्षी, २००७ मध्ये, ३८४. त्याच ऑक्टोबरात आयपीसीसीला शांततेचं नोबेल जाहीर झालं, बहुतेकांनी तेव्हाच हे नाव पहिल्यांदा ऐकलं असेल. २०२४ ची सरासरी ४२४ च्या वर.

ह्या ११,००० टनांत माझ्या घरचे किती? तोही हिशोब केला. आमचं बिल महिन्याला साधारण २५० युनिटचं येतं. सगळी वीज ह्याच चिमणीखालची धरली (तशी ती नसते, इतर ठिकाणांहूनही येते) तर दिवसाला साडेसात किलो. मी परत येताना जेवढे चिकू आणले त्याच्या अडीचपट. बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "मग एसी बंद कर." केला नाही अजून.

चिकू कडक आहेत. आईने तांदळाच्या डब्यात ठेवलेत, गुरुवारपर्यंत होतील म्हणते.