नॉरिचच्या किल्ल्यातला नाताळ

नाताळाच्या आठवड्यातल्या या भागात आम्ही एका गाण्यांच्या मालिकेचा इतिहास सांगणार आहोत. तिचं नाव 'अ सेरेमनी ऑफ कॅरल्स'. कॅरल म्हणजे ख्रिस्तजन्माच्या आनंदाचं गाणं. आपल्याकडे रामनवमीला, गोकुळाष्टमीला पाळणा म्हणतात ना, त्याच्या जवळचं. ही मालिका म्हटली की लोकांच्या डोळ्यांसमोर चर्चमधली मुलगे गायकांची रांग येते, ज्यांचा आवाज अजून फुटलेला नाही अशी मुलं. पण ही गाणी लोकांसमोर पहिल्यांदा गायली ती बायकांनी, आणि तीही बॉम्ब पडून गेलेल्या एका शहरात.

गाणी रचणाऱ्याचं नाव बेंजामिन ब्रिटन. आडनाव देशाच्या नावासारखंच ऐकू येतं, तेव्हा घोटाळा नको म्हणून आम्ही बेंजामिनच म्हणू. जन्म १९१३ चा, इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या लोस्टॉफ्ट गावातला. आई एडिथ गाणारी होती आणि गावच्या गायनमंडळाची सेक्रेटरीही होती. व्हायोला शिकवायला होत्या ऑड्री ऑल्स्टनबाई. या बाईंनीच १९२७ मध्ये तेरा वर्षांच्या बेंजामिनची नॉरिच शहरात फ्रँक ब्रिज या मोठ्या संगीतकाराशी गाठ घालून दिली. ब्रिज त्याचे गुरू झाले. गुरूंचं नाव सगळे घेतात, गाठ घालून देणाऱ्या बाईंचं फार थोडे. आम्हाला तरी ते आधी घ्यावंसं वाटतं.

१९३९ मध्ये बेंजामिन आपला जोडीदार, गायक पीटर पिअर्स याच्याबरोबर अमेरिकेत गेला. मागे युद्ध पेटलं. दोघेही युद्धाच्या विरोधातले, पण घरची ओढ सुटेना. शेवटी मार्च १९४२ मध्ये 'अ‍ॅक्सेल जॉन्सन' नावाच्या स्वीडिश मालवाहू जहाजावर जागा मिळाली. अटलांटिक समुद्रात तेव्हा जर्मन पाणबुड्या जहाजं बुडवत होत्या. त्यात न्यूयॉर्कच्या बंदरावर अधिकाऱ्यांनी बेंजामिनचे स्वरलिपीचे कागद काढून घेतले. ते कागद म्हणजे शत्रूसाठी लिहिलेली सांकेतिक भाषा असेल, असा त्यांना संशय! जप्त झालेली एक रचना त्याने जहाजावर आठवून आठवून पुन्हा लिहिली.

वाटेत जहाज कॅनडातल्या हॅलिफॅक्सला लागलं. तिथे त्याने इंग्रजी कवितांचा एक संग्रह विकत घेतला. त्यात चारपाचशे वर्षांपूर्वीच्या कविता होत्या, कित्येकींना कवीचं नावही नाही. आपल्या जात्यावरच्या ओव्यांसारखंच, कुणी रचल्या ते हरवलं आणि शब्द राहिले. सामानात हार्प वाजवण्याची माहिती देणारी दोन पुस्तकंही होती, कारण अमेरिकेत एडना फिलिप्स या हार्पवादिकेसाठी काहीतरी लिहिण्याचं बोलणं झालं होतं. या एडनाबाई १९३० मध्ये फिलाडेल्फियाच्या वाद्यवृंदात आल्या. अमेरिकेतल्या मोठ्या वाद्यवृंदात आपल्या वाद्याच्या प्रमुखपदी बसलेल्या त्या पहिल्या बाई.

हार्प म्हणजे माणसाहून उंच उभं तंतुवाद्य. स्वरमंडळ पाहिलं असेल, तर ते खूप मोठं करून उभं केलंय असं समजा. मोठ्या हार्पला ४७ तारा आणि पायाने दाबायची सात पेडलं असतात. इतक्या तारांत बोट चुकू नये म्हणून काही तारा लाल, तर काही काळ्या किंवा निळ्या रंगाच्या ठेवतात.

तर हातात जुन्या कविता, डोक्यात हार्प आणि कोंदट खोली. खोलीजवळ जहाजाचं शीतगृह, बाहेरून लोक शीळ घालत जातायत. अशा जागी ही गाणी तयार झाली. पोहोचल्यावर मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रात त्याने बायकांच्या आवाजांसाठी सात कॅरल केल्याचं कळवलं. बायकांच्या आवाजांसाठी, हे ध्यानात ठेवा.

१७ एप्रिल १९४२ ला जहाज लिव्हरपूलला लागलं. त्यानंतर दहाच दिवसांनी जर्मन विमानांनी नॉरिचवर बॉम्ब टाकले, २७ एप्रिलच्या रात्री आणि पुन्हा २९ च्या. दोनशेहून अधिक माणसं मेली, हजारो घरं पडली. ज्या शहरात बेंजामिनला गुरू भेटले तेच हे शहर. आणि त्याच शहराच्या किल्ल्यात ५ डिसेंबर १९४२ ला ही गाणी पहिल्यांदा गायली गेली. किल्ला नॉर्मन राजांच्या काळातला, दगडी. मध्यंतरी तिथे तुरुंग होता, १८९४ पासून वस्तुसंग्रहालय. गायल्या त्या लंडनच्या 'फ्लीट स्ट्रीट कॉयर' या गायकवृंदातल्या बायका. हार्पवर होत्या ग्वेंडोलिन मेसन. डिसेंबर १९४१ पासून इंग्लंडमध्ये वीस ते तीस वयाच्या अविवाहित बायकांनाही युद्धाच्या कामाला जुंपण्याचा कायदा झाला होता. त्या वर्षाच्या थंडीत, पडझड झालेल्या शहरात, बायका बाळाच्या जन्माचं गाणं म्हणत होत्या.

मालिकेतला पाळणा मुद्दाम ऐकण्यासारखा आहे, अगदी संथ, एकीने सुरू केलेला आणि मग बाकीच्यांनी उचललेला. मात्र सगळीच गाणी अशी गोड नाहीत. एकात नुकतं जन्मलेलं बाळ सैतानाशी लढायला निघालेलं आहे. तिथे एक गट ओळ सुरू करतो, ती संपायच्या आत दुसरा तीच ओळ धरतो, मग तिसरा. पाठलाग चालल्यासारखं वाटतं. हे शब्द रॉबर्ट साउथवेल या कॅथलिक धर्मगुरूचे. आपला धर्म पाळला म्हणून त्याला १५९५ मध्ये लंडनला फाशी दिलं. बॉम्बच्या वर्षी हे गाणं ऐकताना लोकांना काय वाटलं असेल, त्याची कल्पना तुम्हीच करा.

मालिका अर्पण केलीय ती अर्सुला नेटलशिप यांना. त्या गाणं शिकवायच्या, गायकवृंद तयार करायच्या. युद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये सरकारी मदतीने गावोगाव कार्यक्रम व्हायचे आणि पूर्वेकडच्या भागात ते जुळवण्याचं काम त्या करत. युद्धाला नकार दिलेले बेंजामिन आणि पीटर अशाच कार्यक्रमांत लहान गावांत जाऊन गात-वाजवत. गावातली जागा मिळवायची, माणसं गोळा करायची, आलेल्यांची सोय बघायची, या कामाला किती चपला झिजतात ते गट चालवणाऱ्या आम्हाला वेगळं सांगायला नको. अशा बाईचं नाव पहिल्या पानावर छापलं गेलं याचं आम्हाला फार बरं वाटतं.

मग ती मुलग्यांची कशी झाली? बेंजामिनने १९४३ मध्ये मालिका सुधारली. पुढे-मागे जुनं लॅटिन स्तोत्र, मध्ये एकट्या हार्पचा तुकडा, अशा तिच्या अकरा पायऱ्या झाल्या. ४ डिसेंबर १९४३ ला लंडनच्या विगमोर हॉलमध्ये वेल्समधल्या मॉरिस्टनच्या मुलग्यांनी ती गायली. गाणं चालवायला स्वतः बेंजामिन उभा होता, हार्पवर मारिया कॉर्चिन्स्का. मॉरिस्टन हा स्वानसी शहराचाच भाग, आणि स्वानसीवरही फेब्रुवारी १९४१ मध्ये सलग तीन रात्री बॉम्ब पडले होते. तिथली पोरं नाताळाची गाणी घेऊन लंडनला आली, याचं मोल आम्ही कमी लेखत नाही. बेंजामिनला त्यांचा आवाज आवडला, रेकॉर्ड निघाली, आणि तोच आवाज लोकांच्या कानात बसला. नॉरिचच्या बायका मात्र माहितीपत्रकातल्या एका ओळीपुरत्या उरल्या.

हार्पवर तेव्हाही बाईच होती, तेवढी जागा कुणी घेतली नाही. त्या जागेचंही सांगायचं तर, व्हिएन्नाच्या नामवंत वाद्यवृंदात अ‍ॅना लेल्केस या बाई वीसहून अधिक वर्षं हार्प वाजवत होत्या. त्यांना सभासद करून घेतलं १९९७ मध्ये.

आता गाणं लावतोय. सुरुवातीला बराच वेळ हार्प ऐकू येणार नाही. गाणारे वाद्याशिवाय लॅटिन स्तोत्र म्हणत चालत आत येतात. शेवटी तेच म्हणत बाहेर जातात आणि आवाज लांब लांब जातो. तेव्हा रेडिओ बिघडला असं समजून बटण फिरवू नका.