रेशा खतमी : नावात दडलेलं मूळ



आमच्या रत्नागिरीत पाऊस एकदा लागला की घरात कपडे वाळत नाहीत आणि पोरांचे खोकले बरे होत नाहीत. मग काष्ठौषधीच्या दुकानातून काढ्याची पुडी येते. युनानी पद्धतीच्या काढ्याला जोशांदा म्हणतात. त्याच्या पुडीत बोराच्या जातीची उन्नाब असते, सपिस्तां म्हणजे आपली सुकवलेली भोकरं असतात, ज्येष्ठमध असतो, आणि बरेचदा खतमी असते. खतमीचं फूल वेगळं मिळतं, बी वेगळं मिळतं, आणि तिसरी एक वस्तू मिळते, तिला रेशा खतमी म्हणतात.

रेशा म्हटलं की आपल्याला तंतू आठवतात, भेंडीचे किंवा अंबाडीचे. पण हा शब्द फारसी आहे आणि फारसीत त्याचा पहिला अर्थ मूळ. म्हणजे रेशा खतमी हे खतमीचं मूळ. जिच्या घरी बटाटा, कांदा, गाजर येत नाही, तिच्या घरी नुसत्या नावामुळे जमिनीखालची वस्तू येऊ शकते. म्हणून आज या औषधाचा इतिहास लिहायला घेतला आहे.

खतमीचं झाड आपल्या कोकणातलं नाही. युरोप आणि पश्चिम आशियातल्या दलदलीच्या, पाणथळ जागी ते उगवतं. ग्रीकांनी त्याला दिलेल्या नावातच बरं करण्याचा अर्थ आहे. पहिल्या शतकातला वैद्य डायोस्कोरिडीज हे मूळ द्राक्षाच्या दारूत उकळून जखमांसाठी वापरायला सांगतो. पुढे हे ज्ञान अरबी-फारसी हकिमांकडे गेलं, इब्न सीनाच्या ग्रंथात खतमी आहे, आणि हकिमांबरोबर ती हिंदुस्थानात आली. एकोणिसाव्या शतकात मुंबईत सरकारी औषधभांडाराचं काम पाहणारा विल्यम डायमॉक याने पश्चिम भारतातल्या वनस्पती-औषधांवर मोठं काम केलं. मुंबईच्या बाजारात इराणकडून येणाऱ्या औषधांत त्याने खतमी नोंदली आहे. आमच्या किनाऱ्यावरच्या गावांना असला माल मुंबईहूनच यायचा. रस्ते कुठे होते धड तेव्हा! गलबतं आणि नंतर आगबोटी, हाच रस्ता.

आता औषध म्हणून ती करते काय? चिकटा सोडते, एवढंच, आणि तेवढंच पुरेसं आहे. भेंडी चिरताना हाताला लागतो तसाच हा चिकटा. भेंडी, जास्वंद, कापूस, गुलखैरा आणि खतमी ही सगळी एकाच कुळातली भावंडं. चिकटा घशाच्या सुजलेल्या, खरवडलेल्या अस्तरावर बसतो, म्हणून कोरड्या खोकल्याची ढास कमी होते. कफ भरलेल्या छातीला त्याचा फारसा उपयोग नाही. मुळात चिकटा भरपूर असतो, पण फुलात आणि पानातही तो असतोच. हकिमांनी झाडाचं कुठलंच अंग वाया घालवलं नाही, हे आपल्या दृष्टीने फार सोयीचं झालं.

कारण आपला प्रश्न मुळाचा आहे. कोणी म्हणेल, प्रत्येक मूळ अनंतकाय असतं का? दहाव्या शतकातल्या नेमिचंद्राचार्यांच्या गोम्मटसारात साधारण वनस्पती ओळखायच्या खुणा दिल्या आहेत: शिरा आणि सांधे दिसत नाहीत, मोडली की सारखे भाग होतात, मधे तंतू राहत नाही, तोडली तरी पुन्हा उगवते. खतमीचं मूळ चांगलंच तंतुमय असतं, म्हणजे वाद घालायला जागा आहे. शिवाय आपण ओलं आलं खात नाही पण सुंठ खातो, ओली हळद नाही पण सुकी चालते. ज्येष्ठमध तर मूळच आहे आणि तो किती नेमवाल्या घरांत चघळला जातो! त्या न्यायाने सुकलेली रेशा खतमीही औषधापुरती चालेल असं कोणी म्हटलं, तर मी भांडणार नाही. पण माझं मत वेगळं आहे. फूल घेतलं तर झाड उभं राहतं, मूळ घेतलं तर झाडच जातं. फुलाने भागत असेल तर मूळ कशाला? ज्यांचा नेम कडक आहे त्यांनी महाराजांना किंवा माताजींना विचारावं.

पथ्य सांभाळून वैद्यक करण्याचा प्रश्न आपल्याकडे जुनाच आहे. नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळी उग्रादित्याचार्यांनी ‘कल्याणकारक’ हा वैद्यकग्रंथ लिहिला आणि औषधात मांस नको हे सविस्तर मांडलं. १९४० साली तो हिंदी अनुवादासह सोलापुरातून छापला गेला. वर्धमान पार्श्वनाथ शास्त्रींनी तो संपादित केला.

करायची रीतही सांगते. खतमी उकळायची नसते, गार पाण्यात अर्धा ते दोन तास भिजवायची. मुळाच्या बाबतीत तर हे नक्कीच, कारण उकळलं की त्यातला स्टार्च सुटतो. पण नुसत्या गाळलेल्या पाण्याची मर्यादा अठ्ठेचाळीस मिनिटांची, तेव्हा पाणी आधी उकळून गार करून घ्यावं. दुपारी भिजवलं की सूर्यास्ताआधी घेऊन होतं. गाळून खडीसाखर घालावी, मध नको. तयार चाटणांत आणि सरबतांत मध असू शकतो, बाटलीवर वाचून घ्या. दुसरं औषध चालू असेल तर मधे तासाभराचं अंतर ठेवा, चिकट्यामुळे ते अंगात उशिरा भिनतं. दोन आठवड्यांहून जास्त टिकलेल्या खोकल्याला मात्र काढे पाजत बसू नका, थुंकीची तपासणी करून घ्या.

आणि दुकानात खतमीचं फूल म्हणून गुलखैऱ्याची फुलंही दिली जातात. ती जवळच्याच जातीची असतात, घाबरायचं कारण नाही.

राहिली गोष्ट मुलांच्या मार्शमॅलोची. इंग्रजीत हे खतमीच्या झाडाचंच नाव! एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये या मुळाचा रस, साखर आणि अंड्याचा पांढरा भाग फेटून घशाच्या वड्या करत. पुढे मूळ गेलं आणि त्याच्या जागी जिलेटिन आलं, जे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून काढतात. शाकाहारी मिळतातही, पण पाकिटावरचा हिरवा ठिपका पाहूनच घ्या.