शितावरून भाताची परीक्षा



वसंतातल्या या व्याख्यानांना जमणाऱ्या मंडळींना आम्ही समजा आत्ताच हात वर करायला सांगितले आणि त्यावरून येत्या निवडणुकीत गावाचा कौल कोणाला हे ठरवले, तर तो अंदाज कितपत खरा ठरेल? सभागृह भरलेले आहे, मंडळी विचारी आहेत आणि खोटे बोलण्याचे कोणाला कारण नाही. तरीसुद्धा अंदाज चुकण्याचा संभव मोठा आहे. तो का, हे ज्या प्रसंगाने जगाला शिकवले, त्याची हकीकत आज सांगावयाची आहे. ती अमेरिकेतील असली तरी तिचे तात्पर्य आपल्या दारापर्यंत येते.

मतदानापूर्वी लोकमताचा अंदाज घेण्याची हौस जुनीच. १८२४ साली हॅरिसबर्ग येथील एका वृत्तपत्राने विल्मिंग्टन गावातील लोकांचा कल छापला : जॅक्सन ३३५, अॅडॅम्स १६९, क्ले १९, क्रॉफर्ड ९. पुढे देशभरच्या मतदानातही जॅक्सनला इतरांहून अधिक मते पडली. पण स्पष्ट बहुमत कोणालाच न मिळाल्यामुळे निर्णय प्रतिनिधिगृहाकडे गेला आणि अध्यक्ष झाले अॅडॅम्स. अशा चाचणीला तिकडे 'गवताच्या काडीचे मत' म्हणत. आपला शेतकरी उफणणीपूर्वी मूठभर भूस हवेत सोडून वारा कुठला हे पाहतो, त्यातलाच हा प्रकार. त्यात शास्त्र नव्हते; होती ती करमणूक आणि वृत्तपत्राचा खप.

या करमणुकीला राजवैभव आणले ते 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने. १९१६ पासून हे साप्ताहिक टपालाने मतपत्रिका पाठवी आणि आलेल्या उत्तरांची बेरीज छापी. १९२०, १९२४, १९२८ आणि १९३२ या चारही अध्यक्षीय निवडणुकांत त्याचे भाकीत बरोबर आले. १९३२ चे तर प्रत्यक्षाच्या एक-दीड टक्क्याच्या आत होते. लोक त्याच्या आकड्यांकडे पंचांगाच्या श्रद्धेने पाहू लागले यात नवल नाही.

१९३६ साली रूझवेल्ट यांच्याविरुद्ध रिपब्लिकन पक्षाचे लँडन उभे होते. डायजेस्टने सुमारे एक कोटी पत्रिका पाठवल्या आणि तेवीस-चोवीस लाख परत आल्या. इतक्या माणसांचे मत तोवर क्वचितच कोणी गोळा केले असेल. बेरीज निघाली ती अशी : लँडन १२,९३,६६९, रूझवेल्ट ९,७२,८९७. म्हणजे या दोघांपुरते बोलायचे तर रूझवेल्ट यांच्या वाट्याला शेकडा ४३ मते. प्रत्यक्ष निवडणुकीत ती पडली शेकडा ६२ हून अधिक. ४८ पैकी ४६ राज्ये रूझवेल्ट यांनी जिंकली. लँडन यांच्याकडे मेन आणि व्हरमाँट एवढी दोनच राहिली. डायजेस्टची पत गेली ती गेलीच; १९३८ साली साप्ताहिकही बंद पडले.

मग चोवीस लाख माणसे खोटे बोलली काय? मुळीच नाही. पत्ते घेतले होते ते मुख्यतः टेलिफोनच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांतून. मंदीच्या त्या काळात ज्याच्या घरी टेलिफोन, दारात मोटार, तो मनुष्य बहुधा खाऊनपिऊन सुखी. पूर्वीच्या निवडणुकांत सधन आणि निर्धन यांच्या मतांत एवढी दरी नव्हती, म्हणून यादीतील खोट झाकली गेली. रूझवेल्ट यांच्या धोरणाने ती दरी उघडी केली. दुसरे असे की, चारांतील तिघांनी पत्रिका परत पाठवलीच नाही. शिकागोत तर नोंदलेल्या मतदारांपैकी दर तिसऱ्याला पत्रिका गेली होती. म्हणजे तिथे यादीचा दोष नव्हता. तरीही उत्तरे देणाऱ्या थोडक्यांत लँडन पुढे निघाले आणि मतदानात शहर रूझवेल्ट यांच्या बाजूला गेले. जो रागावलेला असतो, तो आवर्जून तिकीट लावून पत्र टाकतो; जो समाधानी असतो, तो कामाला लागतो. संख्या मोठी असली म्हणजे ती प्रातिनिधिक होतेच असे नाही, हा या प्रकरणाचा पहिला धडा.

आता या नाटकातील दुसरे पात्र. जॉर्ज गॅलप यांचा जन्म १९०१ साली आयोवा राज्यातील जेफर्सन गावी झाला. त्यांचा मूळ विषय राजकारण नव्हे. वाचक वृत्तपत्रातील नेमके काय वाचतात, हे त्याच्याजवळ बसून पानापानाने विचारण्याची रीत त्यांनी बसवली आणि त्यावर १९२८ साली डॉक्टरेट मिळवली. १९३२ मध्ये न्यूयॉर्कच्या एका मोठ्या जाहिरात कंपनीने त्यांना संशोधनासाठी बोलावले. त्याच वर्षी त्यांच्या सासूबाई आयोवा राज्याच्या सचिवपदावर निवडून आल्या. राजकारणाशी त्यांचा असा घरगुती संबंध जुळला. साबणाबद्दल गिऱ्हाइकाला काय वाटते ते मोजता येते, तर सरकारबद्दल काय वाटते ते का मोजता येऊ नये? या विचाराने त्यांनी १९३५ साली प्रिन्स्टन येथे लोकमतसंस्था काढली. त्याच सुमारास बाजारसंशोधनातलेच आणखी दोघे या क्षेत्रात उतरले : आयोवातच पूर्वी जवाहिऱ्याचे दुकान चालवणारे एल्मो रोपर आणि रेडिओचे श्रोते मोजणारे आर्चिबाल्ड क्रॉसली.

गॅलप यांचे धाडस असे की, डायजेस्टच्या पत्रिका निघण्यापूर्वीच, १९३६ च्या जुलैत, त्यांनी जाहीर केले : डायजेस्टचा आकडा लँडन यांना शेकडा ५६ च्या जवळपास दाखवील आणि तो चुकेल. हे भाकीत त्यांनी केले ते त्याच प्रकारच्या याद्यांवरील सुमारे तीन हजार लोकांना पत्रे पाठवून. डायजेस्टचे संपादक संतापले. नोव्हेंबरात त्यांना गप्प बसावे लागले.

आपल्या आयाबहिणींना यात आश्चर्य वाटणार नाही. शितावरून भाताची परीक्षा त्या रोज करतात. पंगतीचा भात शिजला की नाही हे पाहायला पातेले रिकामे करावे लागत नाही. मात्र शीत वरवरचेच घेतले तर तळाचा कच्चेपणा कळत नाही. देश मोठा म्हणून नमुना त्या प्रमाणात मोठा लागतो असे नाही. नीट निवडलेले हजार-दीड हजार लोक पुरतात आणि चूक तीनएक टक्क्यांच्या आसपास राहते. सगळे इंगित 'नीट निवडलेले' या दोन शब्दांत आहे.

आणि नेमके तिथेच गॅलप पुढे ठेचाळले. इतके पुरुष, इतक्या स्त्रिया, इतके सधन, इतके गरीब असा वाटा ठरवून ते प्रश्नकर्त्यांना धाडीत; त्या वाट्यात माणूस कोणता गाठायचा हे प्रश्नकर्त्याच्या मर्जीवर. आता उन्हातान्हात हिंडणारा मनुष्य अंधाऱ्या बोळातील चौथ्या मजल्यावर चढेल, की ओसरीवर बसलेल्या सभ्य गृहस्थाला विचारील? १९३६ सालीही गॅलप यांनी रूझवेल्ट यांना प्रत्यक्षापेक्षा सहा-सात टक्के कमीच दिले होते. विजयाच्या जल्लोषात ते कोणाच्या ध्यानात राहिले नाही. १९४८ साली मात्र हिशेब चुकता झाला. गॅलप म्हणाले, ड्यूई ४९.५, ट्रूमन ४४.५. घडले जवळजवळ उलटे. रोपर यांनी तर निकाल ठरलाच म्हणून सप्टेंबरातच विचारणे थांबवले होते. शिकागोच्या एका दैनिकाने ड्यूई जिंकल्याचा मथळा छापून टाकला आणि तो अंक हसतमुखाने उंच धरलेल्या ट्रूमन यांचे छायाचित्र जगभर गेले. तज्ज्ञांच्या समितीने चौकशी केली. निवड प्रश्नकर्त्याच्या मर्जीवर सोडली आणि शेवटच्या दिवसांत मन बदलणाऱ्यांकडे दुर्लक्ष केले, हे दोष तिने दाखवले. यानंतर निवड यदृच्छेने, म्हणजे चिठ्ठ्या टाकून करावी तशी, करण्याकडे हा धंदा हळूहळू वळला.

या शास्त्राच्या पायाशी एक मराठी माणूसही आहे. सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ साली जन्मलेले पां. वा. सुखात्मे लंडनला नेमन आणि पिअर्सन यांच्या हाताखाली नमुनानिवडीचे गणित शिकले आणि परतल्यावर भारतातील पिकांचे अंदाज घेण्यासाठी त्यांनी ते वापरले. शेतातील कोणता वाफा कापून मोजायचा हे तलाठ्याच्या नजरेवर न सोडता यदृच्छेवर सोडावे, हाच तो विचार. १९५४ चा त्यांचा ग्रंथ जगभर अभ्यासला गेला.

राहता राहिला प्रश्न हा की, साबणाच्या कंपन्यांसाठी काम करणाऱ्यांनी निवडणुकीच्या भानगडीत का पडावे? त्यात मिळकत थोडी, बदनामी फार. याचे उत्तर असे की, एखाद्या साबणाबद्दल लोकांचे मत खरोखर काय, हे कधीच कोणी मोजून पडताळत नाही. निवडणुकीत मात्र ठरल्या दिवशी पेट्या उघडतात. बाजारसंशोधकाची जाहीर परीक्षा ती एवढीच. म्हणून चाचणी ही त्याची जाहिरातही असते, आणि हे वाचकाने विसरता कामा नये. गॅलप यांच्या संस्थेने २०१२ च्या चुकीनंतर, २०१६ साली, अध्यक्षपदाच्या शर्यतीचे अंदाज देणेच सोडले. आपल्याकडे ४ जून २०२४ ला मतमोजणी झाली, तेव्हा सत्तारूढ आघाडीला साडेतीनशेहून अधिक जागा देणारे बहुतेक अंदाज २९३ या आकड्यापुढे उताणे पडले. मतदान चालू असता असे अंदाज प्रसिद्ध करू नयेत, असा निर्बंध आपल्या कायद्याने २००९ च्या दुरुस्तीने घातला, तो योग्यच झाला.

आणखी एक सावधगिरी. लोकमत मोजता आले म्हणून ते शिरोधार्य ठरत नाही. १८९१ साली संमतिवयाच्या कायद्यावर पुण्यात घरोघर मते घेतली असती, तर सुधारकांच्या पदरी काय पडले असते हे सांगायला गॅलप नको. लोक आज कोठे उभे आहेत हे चाचणी सांगते; त्यांनी कोठे जावे हे सांगण्याचे काम तिचे नव्हे. परंतु लोक कोठे उभे आहेत हे न पाहता त्यांच्या नावाने बोलणे, हा दुसऱ्या टोकाचा अपराध. आणि आमच्यासारखे व्याख्याते तो वारंवार करतात.

म्हणून आरंभीच्या प्रश्नाकडे पुन्हा वळू. या सभागृहात हात वर झाले असते ते कोणाचे? ज्यांना संध्याकाळ मोकळी आहे त्यांचे. पाळीवर गेलेला कामगार, चुलीपुढची बाई, बाजार उठेतो टोपली सांभाळणारी भाजीवाली यांपैकी कोणीही इथे नाही. डायजेस्टच्या यादीत ही माणसे नव्हती. आपल्या बोलण्यात 'लोक' हा शब्द येतो तेव्हा त्यांत ती असतात काय, याचा विचार घरी जाता जाता प्रत्येकाने करावा, एवढीच विनंती.