झेप, झडप अन् मुसंडी इंग्रजीत कशी लिहायची? अचानक हालचालीची क्रियापदे समजून घ्या

ग्रामीण भागातील विद्यार्थ्यांच्या इंग्रजी गोष्टीत बिबट्या, कुत्रा, चोर सगळेच एकतर 'रन' करतात नाहीतर 'जम्प'. वाक्य चुकत नाही, पण चित्रही उभं राहत नाही. मराठीत आपण झेप, झडप, मुसंडी यात बरोबर फरक करतो. तसाच फरक इंग्रजीतही आहे.

मराठीत दोन शब्द, इंग्रजीत एकच

मराठीत झेप 'घेतात', झडप 'घालतात', मुसंडी 'मारतात'. इंग्रजीत बहुतेक वेळा हे काम एकटं क्रियापद करतं. त्यामुळे घेणे-मारणेचं शब्दशः भाषांतर करू नका.

नेहमी लागणारी क्रियापदे

- पाउन्स: दबा धरून झडप घालणे. पुढे 'ऑन' येतो. द लेपर्ड पाउन्स्ड ऑन द गोट.
- लंज: एकदम अंगावर धावून जाणे. पुढे बहुधा 'ॲट' येतो. द डॉग लंज्ड ॲट हिम.
- डार्ट: चपळाईने सुळकन जाणे. अ लिझर्ड डार्टेड अंडर द स्टोन.
- बोल्ट: बिथरून धूम ठोकणे. द बुल बोल्टेड. दाराचा बोल्ट वेगळा. कांद्याला डेंगळे येतात, त्यालाही इंग्रजीत 'बोल्टिंग' म्हणतात.
- स्वूप: वरून झेपावणे. घार कोंबडीच्या पिलावर येते ती अशी.
- लर्च: गचका बसून हेलकावणे. द बस लर्च्ड फॉरवर्ड.
- फ्लिंच: भीतीने किंवा वेदनेने अंग चोरणे. सुई टोचताना होतं ते.

'डॅश'ची गडबड

आपल्याकडे 'टेम्पोने डॅश दिली' म्हणजे धडक दिली. प्रमाण इंग्रजीत मात्र 'डॅश' म्हणजे घाईने धावणे. 'द टेम्पो डॅश्ड मी' असं न लिहिता 'द टेम्पो हिट मी' लिहावं.

अपघाताची हकीकत किंवा विम्याचा अर्ज इंग्रजीत भरताना हा फरक महत्त्वाचा ठरतो. कुत्रं आडवं आलं म्हणून गाडी झटकन वळवली, तर 'टर्न्ड' लिहिल्यास चालक ठरवून वळला असं वाटू शकतं. 'द ड्रायव्हर स्वर्व्ड टू अव्हॉइड अ डॉग' म्हटलं की गाडी का वळली ते एका वाक्यात कळतं. अर्थात, जे घडलं तेच लिहायचं. जोरदार शब्द हवा म्हणून हकीकत फुगवू नये.

वापरताना हे लक्षात ठेवा

1. या शब्दांत 'अचानक' हा अर्थ बऱ्याचदा आलेलाच असतो. प्रत्येक वेळी 'सडनली' जोडायची गरज नाही.
2. घडून गेलेल्या एका झटक्यासाठी साधा भूतकाळ वापरा. 'वॉज पाउन्सिंग' म्हटलं की झडप चालूच आहे किंवा पुन्हा पुन्हा घातली जातेय, असं वाटतं.
3. काहींची रूपं पाठच करावी लागतात. 'स्प्रिंग'चा भूतकाळ 'स्प्रँग'. 'लीप'चा 'लेप्ट' किंवा 'लीप्ट', दोन्ही चालतात.
4. एका परिच्छेदात असे एक-दोन शब्द पुरे. प्रत्येक वाक्यात झेप आली की कुठलीच झेप जाणवत नाही.

सराव सोपा आहे. घरी, शेतात, रस्त्यावर दिसलेली एक हालचाल रोज निवडा. आधी तिला नेमका मराठी शब्द शोधा, मग इंग्रजी क्रियापद. मराठी शब्द अचूक सापडला की इंग्रजीचं अर्धं काम झालंच म्हणून समजा.