दिल्लीचे खारे पाणी

ज्या देशांतील रस्ते हिवाळ्यात बर्फाखाली गाडले जातात, तेथे मिठाचे पाणी हे रस्त्याचे रक्षक मानले जाते. शेकडा २३ भागांच्या सुमारास मीठ विरघळलेले पाणी शून्याखाली २१ अंशांपर्यंत गोठत नाही. हिमवर्षावापूर्वी ते सडकेवर फवारले, म्हणजे बर्फ सडकेला घट्ट चिकटून बसत नाही. दिल्लीची थंडी कितीही बोचरी असली, तरी तिच्या रस्त्यांवर हिम साचत नाही. त्यामुळे हा उपाय तेथे कधी करावा लागला नाही. परंतु खारे पाणी आणि रस्ता यांचे नाते दिल्लीच्या परिसरातही जडले होते, आणि एका भरभराटलेल्या धंद्याचे जीवनमरण त्यावर अवलंबून होते.

दिल्लीच्या नैर्ऋत्येस, आजच्या गुरुग्राम जिल्ह्यात सुलतानपूर नावाचे गाव आहे. तेथील जमीन सखल आणि भूगर्भातील पाणी खारे. हे पाणी विहिरींतून उपसून उथळ कुंडांत सोडीत. उन्हाने आणि कोरड्या वाऱ्याने ते आटे व तळाशी मिठाचे खडे उरत. कोकणच्या आगरात जे काम समुद्राची भरती करते, ते येथे माणसाला विहिरीवर करावे लागे. हेच ते ‘सुलतानपुरी’ मीठ. फौजदार खान याने १७३२ साली वसविलेले फर्रुखनगर ही त्याची जवळची पेठ. शेतीला नकोसे असणारे पाणी या मुलखाला मात्र संपत्ती देत होते.

तथापि मीठ पिकविणे निराळे आणि ते गिऱ्हाइकापर्यंत नेणे निराळे. वाटेवर जकातीचे नाके बसते, आणि ते कोणासाठी बसले आहे यावर धंद्याचे भवितव्य ठरते. श्रीशिवछत्रपतींनी १६७१ साली कुडाळच्या सरसुभेदारास पाठविलेले पत्र प्रसिद्धच आहे. बारदेशचे मीठ स्वस्त पडून संगमेश्वराकडील मिठाचा धंदा बुडू नये, म्हणून त्या मिठावर जबर जकात बसविण्याची ती आज्ञा होती. तेथे जकात ही आपल्या आगरांभोवती घातलेले कुंपण होती.

इंग्रजांनीही कुंपण घातले; पण ते आपल्या खजिन्याभोवती. मिठावरील कर चुकवून माल पलीकडे जाऊ नये, यासाठी त्यांनी देशाच्या पोटातून जकातीची रेषा आखली. १८६९ साली ती सिंधूपासून महानदीपर्यंत २,३०० मैलांहून अधिक लांब होती आणि सुमारे १२,००० माणसे तिच्यावर पहारा करीत. दिल्ली-आग्र्यावरून ती बऱ्हाणपूरकडे उतरे. बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग अशा काटेरी झाडांची भिंत तिच्या बऱ्याच भागावर वाढविलेली होती. ही भिंत जोपासणाऱ्या अधिकाऱ्यांत ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे एक होते. १८८५ साली मुंबईत भरलेल्या राष्ट्रीय सभेच्या संस्थापकांत पुढे त्यांचेच नाव यावे, हा इतिहासाचा एक चमत्कारच म्हटला पाहिजे.

१८७० च्या सुमारास जयपूर व जोधपूर संस्थानांकडून सांभर सरोवराचा मक्ता सरकारच्या हाती आला. मीठ जेथे निपजते तेथेच कर घेता येऊ लागल्यावर काटेरी भिंतीचे प्रयोजन उरले नाही, आणि १८७९ साली ती रेषा मोडली. मात्र कर राहिला. १८७३ साली दिल्ली-रेवाडी हा हिंदुस्थानातील पहिला मीटरगेज लोहमार्ग सुरू झाला. त्याची एक शाखा मिठासाठी फर्रुखनगरपर्यंत नेण्यात आली. गावाला ते वरदान वाटले असल्यास नवल नाही. पण पुढे राजपुतान्याकडे वाढत गेलेल्या याच रुळांवरून सांभरचे विपुल मीठ उत्तरेच्या बाजारांत उतरू लागले. विहिरीतून पाणी उपसण्याचा खर्च आणि वर कराचे ओझे, अशा स्थितीत सुलतानपूरचा टिकाव लागेना. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत धंदा मावळला.

१९३० साली दांडीपासून शिरोड्यापर्यंत मिठाचा सत्याग्रह पेटला. त्यानंतर ५ मार्च १९३१ रोजी दिल्लीतच झालेल्या गांधी-आयर्विन कराराने मीठ निपजणाऱ्या जागांलगतच्या ग्रामस्थांना ते घरापुरते करण्याची व गावातल्या गावात विकण्याची मुभा दिली. गावाबाहेरचा व्यापार मात्र वर्ज्य ठेवला. म्हणजे मीठ मोकळे झाले, पण त्याचा रस्ता मोकळा झाला नाही. तो कर रद्द व्हायला १९४७ साल उजाडावे लागले.

सुलतानपूरच्या सखल भूमीवरील सरोवर पुढे पक्ष्यांचे अभयारण्य झाले, आणि २०२१ मध्ये त्याची रामसर स्थळांत गणना झाली. इकडे दिल्लीच्या हिवाळी रस्त्यांवर क्षार निराळ्याच कामासाठी आले आहेत. धुळीने हवा कोंदते तेव्हा पाण्याबरोबर धूळ बसविणारी द्रव्येही शिंपडतात. मॅग्नेशियम क्लोराइडसारखे ओलावा धरून ठेवणारे क्षार त्यांत येतात. पहिल्या पावसाने असे क्षार धुपून जमिनीत उतरतात, हे हिमाच्या देशांनी आपल्या विहिरी व ओढे खारट झाल्यावर ओळखले. जेथे भूमीच्या पोटात मुळातच खारे पाणी आहे, तेथे ही सावधगिरी अधिक हवी. सुलतानपूरच्या लोकांनी ते खारेपण कष्टाने उपसून बाहेर काढले होते आणि त्यावर आपला संसार चालविला होता, एवढे तरी ते पुन्हा जमिनीत सोडताना स्मरणात असावे.