न दिसणारा सालदार

पीकविम्याच्या दिवसांत मेहकरच्या एका सेवा केंद्रात सातबारा काढायला उभा होतो. पडद्यावरचा गोल फिरत होता, नुसताच फिरत होता. रांगेतून कुणीतरी सुचवलं, बंद करून पुन्हा चालू करा. केंद्रावरचा पोरगा वैतागला, "बंद कसं करू बापा, भरलेला फॉर्म जाईल ना!" त्याने कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडला आणि मेमरीच्या रकान्यावर टिचकी मारली. सगळ्यात खादाड तो वर आला. ४ जीबीच्या मशिनात एकटा १.९ जीबी अडवून बसलेला, आणि नाव असं की ना त्याने ऐकलेलं, ना मी.

"हा कोण?"

अशा पडद्यामागे राबणाऱ्या प्रोग्रामला युनिक्सच्या घराण्यात 'डीमन' म्हणतात. शब्दाचं कूळ मोठं गमतीचं आहे. १९६३च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीत 'प्रोजेक्ट मॅक' सुरू झाला. आयबीएम ७०९४ हे एकच अवाढव्य यंत्र अनेकांनी एकाच वेळी वापरायचं, असा तो प्रयोग. वापरणारे आपापल्या कामात. मग फायलींच्या प्रती टेपवर उतरवून ठेवायच्या कुणी? त्यासाठी एक प्रोग्राम कायमचा मागे चालता ठेवला. फर्नांडो कोर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गमतीने त्याला डीमन म्हणायला सुरुवात केली.

गंमत पदार्थविज्ञानातली होती. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६७ साली एका पत्रात एक चिमुकला द्वारपाल कल्पिला होता. पेटीचे दोन कप्पे, मधे झडप. हा पठ्ठ्या वेगवान रेणू एकीकडे आणि संथ रेणू दुसरीकडे सोडत राहतो, दमत नाही, सुट्टी मागत नाही. 'डीमन' हे बारसं मात्र मॅक्सवेलचं नाही. ते विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी १८७४ साली केलं. त्याच्याही मागे ग्रीकांचा 'दाइमोन' उभा आहे, देव आणि माणूस यांच्या मधला. सॉक्रेटिसला चुकीच्या पावलाआधी अडवणारा आतला आवाज त्याच जातकुळीचा.

म्हणून डीमनचं भाषांतर 'राक्षस' करणाऱ्यांशी माझं पटत नाही. आपल्याकडचा त्याचा खरा सख्खा म्हणजे सालदार. पाडव्याला ठरवावा आणि वर्षभर विसरून जावा. गोठा झाडलेला असतो, बैलांना पाणी पाजलेलं असतं, तो कधी आला-गेला ते घरधन्याला कळतही नाही. युनिक्समध्ये अशा गड्यांच्या नावामागे 'डी' लावायची रीत पडली: 'क्रॉनडी', 'एचटीटीपीडी'. विंडोजने त्यांनाच 'सर्व्हिस' म्हटलं. पत्ता चुकून परत आलेल्या ईमेलवर 'मेलर-डीमन' असं नाव दिसतं, तो यांच्यातलाच एक. सामान्य माणसाच्या नजरेला पडणारा बहुधा एकटाच.

गडी वाढले तशी हजेरी घ्यायची वेळ आली. युनिक्सचा 'पीएस' हुकूम नुसती यादी देई. १९८४ साली विल्यम लेफेव्हर यांनी 'टॉप' लिहिला आणि सगळ्यात जास्त खाणारा सगळ्यात वर दिसू लागला. विंडोजचा टास्क मॅनेजर डेव्ह प्लमर यांचा, १९९६च्या एनटी ४.० मधला.

पण हजेरीत नाव कळतं, मुक्काम कळत नाही. आणि इथे आमच्या जिल्ह्याने फार आधीच एक गोष्ट सांगून ठेवली आहे. लोणारचा लोणासुर जमिनीखालच्या विवरात दडून राही. वर झाकण, त्यामुळे उपद्रव सगळ्यांना होई, पण राहतो कुठे ते कुणाला ठाऊक नाही. विष्णू सुंदर तरुणाचं रूप घेऊन आला, त्याने असुराच्या बहिणींना भुलवलं आणि त्यांच्याकडून ठिकाण काढून घेतलं. मग पायाच्या अंगठ्याने झाकण उडवलं. पुढचं काम सोपं होतं. बेसाल्टातलं पावणेदोन-एक किलोमीटर रुंदीचं ते विवर उल्केने पाडलं, हे भूशास्त्र सांगतं. पण गावातल्या देवळातला विष्णू अजून दैत्यसूदनच आहे, आणि सरोवराचा खारटपणा असुराच्या रक्ताचा.

टास्क मॅनेजरमध्ये नावावर उजवी टिचकी मारली की 'ओपन फाइल लोकेशन' येतं. बहिणींचं काम ते करतं. नावावर भरवसा नसतो; 'एसव्हीसीहोस्ट' विंडोजचा घरचा गडी, त्याचं बिऱ्हाड 'सिस्टिम३२'मध्ये. तेच नाव लावून कुणी 'डाउनलोड्स'मध्ये झोपलेला सापडला, तर तो तोतया समजावा.

पोराने ती टिचकी मारली. उघडलेल्या फोल्डरवर नाव होतं अंगठा घेण्याच्या एका यंत्राचं. "हे तर कवाच बिघडलं," म्हणत त्याने खण ओढला. वायर गुंडाळलेलं यंत्र तिथेच, धुळीत. यंत्र गेलं, गडी राहिला. क्षणाक्षणाला तो विचारत होता, अंगठा आला का? प्रत्येक 'नाही' लिहून ठेवत होता, आणि त्यासाठी घेतलेली मेमरी परत करायचं त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं.

पोराने 'सर्व्हिसेस'मध्ये जाऊन त्याला थांबवलं, 'स्टार्टअप टाइप' 'डिसेबल्ड' केला. गोल थांबला, माझा सातबारा निघाला. मागच्या आजींनी पदराला बोट पुसून नव्या यंत्रावर अंगठा टेकवला.