पंचगंगेची सवय घाटात नेऊ नका

ऑगस्ट २०१९. तुम्ही कबनूरच्या रस्त्यावर उभे आहात. यंत्रमागांचा खडखडाट थंडावलाय. नदीकाठची माणसं गाठोडी, शेळ्या, पोरंबाळं घेऊन उंचावरच्या पाहुण्यांकडे निघाली आहेत.

"अण्णा, बंधाऱ्यावर किती झालं?"

"पन्नास फूट गेलं की! अजून चढतंयच बघ."

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. पाणी ५५ च्या वर जाणार, हे इथं फक्त तुम्हाला ठाऊक आहे. घरं पडतील, जनावरं जातील, महामार्ग कित्येक दिवस बंद राहील. तरीही पाणी इंचाइंचानं येतंय. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती सह्याद्रीतून उतरतात आणि प्रयाग चिखलीच्या पुढं पंचगंगा होऊन सपाट रानात पसरतात. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले की बातमी आधी पोचते, पाणी मागून. कपाट माळ्यावर चढवायला, म्हैस सोडायला वेळ मिळतो. आपल्या मनातला पूर असा आहे.

आणखी तीन वर्षं मागं चला. २ ऑगस्ट २०१६ ची रात्र, महाड. समोर मुंबई-गोवा महामार्गावरचा सावित्रीचा जुना, ब्रिटिशांच्या काळातला दगडी पूल. अंधारात नदी दिसत नाही, नुसता तिचा गडगडाट ऐकू येतो. ही नदी महाबळेश्वरच्या कड्यावर जन्मते आणि थोडक्या अंतरात हजार मीटरहून जास्त खाली येते. ऑगस्टपर्यंत डोंगर पाणी पिऊन तट्ट झालेला असतो. त्यावर पडलेला पाऊस मुरत नाही, थेट धावत सुटतो. शेकडो ओहोळ एकाच वेळी अरुंद खोऱ्यात घुसतात. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो.

पूल गेला. दोन एसटी येत आहेत. दिव्यांच्या उजेडात चालकाला पुढचं भगदाड दिसणार नाही. तुम्ही हात हलवता, ओरडता. पावसात आवाज पोचत नाही. पुढचे कित्येक दिवस शोध चालतो, काही मृतदेह थेट समुद्रकिनाऱ्यावर सापडतात.

जुलै २०२१ मध्ये याच महाबळेश्वरात चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. जत-आटपाडीकडे साधारण वर्षातही एवढा पडत नाही. असा पाऊस डोक्यावर असताना खोऱ्यातल्या माणसाला बंधाऱ्याचे फूट विचारायला सवड कुठून मिळणार?

आता पुढं या. ३० जून २०२४, रविवार, लोणावळ्याचं भुशी धरण. धरणामागच्या धबधब्यात एक कुटुंब प्रवाहाच्या मधोमध अडकलंय, एकमेकांना घट्ट धरून. थोड्या वेळापूर्वी तिथं हसतखेळत भिजता येत होतं. काठावर माणसं आहेत, पण कुणाचाच हात पोचत नाही. पाच जण गेले, त्यांत लेकरंही होती. हे लिहितानाही जीव तुटतो, कारण निघायला लागणारी दोन मिनिटं पाण्यानं दिली होती की नाही, हेही आपण सांगू शकत नाही.

कबनूरहून गगनबावडा, राधानगरी, आंबोलीला पावसाळी सहली निघतात. सोबत पंचगंगेची सवय जाते: पाणी वाढेल, दिसेल, मग निघू. डोंगरात ऊन तुमच्या डोक्यावर असतं आणि ढग वरच्या माथ्यावर फुटलेला असतो. निवळ पाणी एकाएकी गढूळ झालं, पालापाचोळा नि काटक्या वाहत आल्या, वरून घरघर ऐकू आली, किंवा भर पावसात ओढा अचानक ओसरला, तर वर काहीतरी घडलंय. ओसरणं सगळ्यांत फसवं, कारण दरड कोसळून वर पाणी तुंबलेलं असू शकतं.

तेव्हा चप्पल, मोबाइल, डबा तिथंच टाका. प्रवाहाच्या दिशेनं पळू नका, पाणी तुम्हाला गाठेल. बाजूचा चढ धरा आणि पोरांना आधी वर चढवा. पुलावरून पाणी जात असेल तर गाडी अलीकडेच थांबवा, रात्र तिथं काढावी लागली तरी चालेल.